सुरक्षित फुटबॉलसाठी कोच आणि रेफरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यावसायिक सामन्यात बेंचच्या मागे डॉक्टर, फिजिओ, स्ट्रेचर आणि रुग्णवाहिका असते. मुलांच्या आणि हौशी सामन्यात बहुतेक वेळा दोन कोच, एक रेफरी आणि टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेवर, पालकांची रांग, एवढंच असतं. हे पान अशा सामन्यांसाठी आहे. नियमांचे संदर्भ इफाबच्या, म्हणजे जगभरासाठी फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाच्या, नियमावलीतले आहेत. तुमच्या स्पर्धेचे वेगळे नियम असतील तर ते आधी पाहा.

खेळाडूंच्या सुरक्षेची जबाबदारी नक्की कोणाची?

दोघांची. खेळ थांबवण्याचा अधिकार रेफरीकडे आहे आणि घटना घडते तेव्हा सहसा तोच सर्वांत जवळ असतो. पण समोरचा मुलगा एरवी कसा पळतो, कसा बोलतो, हे त्याला ठाऊक नसतं. कोचला मुलगा चांगला माहीत असतो, पण धडक झाली तेव्हा तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. म्हणजे माहिती दोघांकडे अर्धीअर्धी असते, आणि ती एकमेकांना सांगितल्याशिवाय पुरी होत नाही.

२०१४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हे साऱ्या जगासमोर घडलं. जर्मनीचा ख्रिस्तोफ क्रामर प्रतिस्पर्ध्यावर आदळला, डोक्याला जबर मार बसला, उपचार घेऊन तो परत खेळू लागला. थोड्या वेळाने त्याने रेफरी निकोला रिझोली यांना विचारलं, ही फायनलच आहे ना? रिझोलींना आधी तो गंमत करतोय असं वाटलं. मग त्यांनी ही गोष्ट क्रामरचा सहखेळाडू बास्टियन श्वाइनस्टायगरच्या कानावर घातली आणि ३१व्या मिनिटाला क्रामरला बाहेर घेतलं गेलं. बेंचवर निष्णात डॉक्टर होते, तरी खेळाडू भानावर नाही हे आधी रेफरीला कळलं. रिझोली गप्प राहिले असते तर क्रामर आणखी किती वेळ खेळत राहिला असता?

सामन्याआधी आम्ही एकमेकांशी काय बोलायचं?

नाणेफेकीच्या आधीची पाच मिनिटं मोकळी ठेवा. दोन्ही कोच आणि रेफरी एकत्र उभे राहून बोलले तर उत्तम, कारण मग कोणी रेफरीच्या कानाला लागतंय अशी शंका दुसऱ्या बाजूला येत नाही. बोलणं साधारण असं होतं:

"सर, आमच्या सात नंबरला दमा आहे. इन्हेलर माझ्या खिशात आहे. त्याने हात वर करून बाहेर यायला मागितलं तर येऊ द्या."

"ठीक आहे. मला हाक मारायला लावू नका, तो थेट तुमच्याकडे येईल. परत येताना मात्र माझ्या खुणेची वाट बघायला सांगा. आणि मला सांगा, रुग्णवाहिका आली तर कोणत्या गेटने आत येईल?"

हा शेवटचा प्रश्न प्रत्येक सामन्याआधी विचारला जावा असं मला मनापासून वाटतं. गेटला कुलूप असतं, किल्ली रखवालदाराकडे असते, आणि रखवालदार चहाला गेलेला असतो. हे सगळं सामन्याआधी कळलं तर दोन मिनिटांत सुटतं.

यासोबत प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, सर्वांत जवळचं एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, कुठे आहे, छातीवर दाब देणं म्हणजे सीपीआर कोणाला येतं आणि आणीबाणीत फोन कोण करणार, हेही ठरवून टाका. कामासमोर एकेकाचं नाव लागलं पाहिजे. "कोणीतरी करेल" म्हटलं की फोन कोणीच करत नाही.

एखाद्या मुलाला फिट येत असेल, मधुमेह असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर तेही रेफरीला सांगा, पण पालकांची परवानगी घेऊन आणि गरजेपुरतंच. शिट्टी ऐकू न येणाऱ्या खेळाडूला रेफरी हाताने खूण करू शकतो. नाहीतर शिट्टीनंतर चेंडू मारल्याबद्दल त्याला उगाच पिवळं कार्ड मिळेल.

मैदान तपासणं रेफरीचं काम आहे. मग कोचने का बघायचं?

कारण कोच आधी पोहोचतो. वॉर्मअप सुरू होतो तेव्हा रेफरी अनेकदा बूट बांधत असतो, आणि तोवर मुलं गोलवर फटके मारू लागलेली असतात.

सर्वांत आधी गोलपोस्ट बघा. हलवता येण्याजोगा गोल जमिनीला पक्का बांधलेला नसेल तर तो पुढच्या बाजूला कोसळतो. मुलं क्रॉसबारला, म्हणजे गोलच्या वरच्या आडव्या दांडीला, लोंबकळतात तेव्हा तर हमखास. अशा अपघातांत मुलांचे जीव गेलेले आहेत. नियम क्रमांक १ स्पष्ट सांगतो की गोल जमिनीला घट्ट रोवलेलाच हवा. तपासायला सोपं आहे: मागच्या आडव्या दांड्यावर वाळूच्या गोण्या किंवा खुंट्या आहेत का बघा, मग दोन मोठ्या माणसांनी क्रॉसबार हलकेच पुढे ओढून बघा. हलला, तर तो पक्का होईपर्यंत सामना नाही. इथे घासाघीस नको. रेफरी नवखा असेल आणि आयोजक घाई करत असतील तर दोन्ही कोचनी त्याच्या बाजूने उभं राहावं.

त्यानंतर मैदानभर एक फेरी मारा. फुटलेली काच, पाण्याच्या फवाऱ्याचं उघडं तोंड, रेषेला खेटून ठेवलेली सायकल किंवा बाकडं, जाळीचे तुटलेले हूक. एका बाजूने कोच, दुसऱ्या बाजूने रेफरी चालला की काम लवकर उरकतं.

कानातल्या बारीक रिंगवर चिकटपट्टी लावली तर चालेल का?

नाही. नियम क्रमांक ४ प्रमाणे कोणताही दागिना चालत नाही, आणि चिकटपट्टीने झाकणं हा पर्याय नाही हेही तिथेच लिहिलेलं आहे. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी, सगळं उतरवायचं. ही गोष्ट कोचने घरून निघण्याआधीच कळवलेली असली की मैदानावर रडारड होत नाही आणि रेफरीवर वाईटपणा येत नाही. नुकतेच कान टोचले असतील तर ते मूल त्या दिवशी बाहेर बसेल, हे पालकांना आधीच सांगा.

मऊ आणि हलक्या साहित्याचे गुडघ्याचे, कोपराचे संरक्षक पट्टे आणि खेळासाठीचे चष्मे चालतात. हाताला प्लास्टर असेल तर रेफरीला आधी दाखवा. इतरांना इजा होण्याजोगं वाटलं तर तो नाही म्हणू शकतो.

शिनगार्ड छोटे असले तर?

शिनगार्ड, म्हणजे नडगीचं संरक्षण करणारे पट्टे, सक्तीचे आहेत आणि ते मोज्यांनी झाकलेले हवेत. अलीकडच्या नियमांत त्यांचा आकार आणि योग्यता ही खेळाडूची जबाबदारी मानली आहे. पण दहा वर्षांच्या मुलाला यातलं काय कळणार? तिथे कोचनेच बघायला हवं. तळहाताएवढा तुकडा मोज्यात खुपसून आलेल्या मुलाला खेळवू नका.

डोक्याला मार लागला की कोणी काय करायचं?

रेफरीने लगेच खेळ थांबवायचा. किरकोळ दुखापतीत चेंडू बाहेर जाईपर्यंत थांबता येतं, पण डोक्याच्या बाबतीत वाट बघू नये. मग कोचला आत यायची खूण करायची, आणि जे पाहिलं ते एका वाक्यात सांगायचं: "कोपर कानशिलावर लागलं, पडल्यावर दोनतीन सेकंद हालचाल नव्हती." हे वाक्य फार मोलाचं आहे, कारण कोचला ते तिथून दिसलेलंच नसतं. पुढे डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात.

कोचने जवळ जाऊन मुलाचं बोलणं, डोळे आणि तोल बघायचा. थोड्या मोठ्या मुलांना विचारण्यासाठी जगभर वापरले जाणारे साधे प्रश्न आहेत: आपण कुठल्या मैदानावर आहोत? पहिला हाफ चालू आहे की दुसरा? शेवटचा गोल कोणी केला? मागचा सामना कोणाशी झाला? तो आपण जिंकलो का? एक उत्तर जरी चुकलं, किंवा खेळाडू अडखळला, शून्यात बघत राहिला, तर त्याला बाहेर घ्यायचं. मात्र सगळी उत्तरं बरोबर आली म्हणून मेंदूला धक्का बसलेला नाही असं होत नाही. काही लक्षणं तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. म्हणून शंका आली की त्या दिवसापुरता खेळ संपला. मैदानात परत नाही.

मानदुखी, एकाचे दोन दिसणं, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, झटके, शुद्ध हरपणं, गुंगी किंवा विचित्र चिडचिड, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय. मानेला मार असल्याची शंका असेल तर खेळाडूला हलवू नका. त्याला उठवायला धावणाऱ्या सहखेळाडूंना रोखणं हे रेफरीचं काम, कारण कोचचे दोन्ही हात त्या वेळी गुंतलेले असतात.

मेंदूला धक्का बसला असेल तर बदलीचा वेगळा नियम आहे ना?

आहे. जानेवारी २०२१पासून त्याची चाचणी चालू होती आणि १ जुलै २०२४पासून तो नियमावलीत पर्याय म्हणून आला. स्पर्धेने तो स्वीकारला असेल तर अशी बदली नेहमीच्या बदल्यांच्या मोजणीत धरली जात नाही, प्रतिस्पर्धी संघालाही एक जादा बदली मिळते, आणि बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही. तुमच्या स्पर्धेत हा नियम लागू आहे का, हे सामन्याआधीच्या त्या पाच मिनिटांत रेफरीला विचारून घ्या.

खेळाडू म्हणतो "मी ठीक आहे", कोच म्हणतो खेळू दे, पण रेफरीला पटत नाही. मग?

ज्याला जास्त काळजी वाटतेय त्याचं ऐकायचं. हा आकडा किंवा कलम नाही, हे माझं ठाम मत आहे, आणि दोन्ही बाजूंनी ते सामन्याआधी मान्य करून टाकावं. कोचला शंका असेल तर रेफरीने "तो तर बरा दिसतोय" म्हणू नये. रेफरीला शंका असेल तर कोचने स्पर्धेतली गुणांची गणितं मांडू नयेत. गंभीर जखमी खेळाडू मैदानाबाहेर जाईल हे पाहणं नियम क्रमांक ५ रेफरीवरच सोपवतो. निदान करणं हे त्याचं काम नाही, आणि कोचचंही नाही. त्यामुळे दोघांनाही फक्त एवढंच ठरवायचं असतं: शंका आहे की नाही.

मुलांच्या "मी ठीक आहे"ला फारसं वजन देऊ नका. कोणत्याही मुलाला बाहेर बसायचं नसतं. शिवाय मेंदूला धक्का बसलेल्या माणसाला आपली अवस्था नीट कळतच नाही.

परतीची घाईही नको. ब्रिटनच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हौशी खेळाडूने पहिले २४ ते ४८ तास विश्रांती घ्यावी, मग टप्प्याटप्प्याने सराव वाढवावा, आणि २१ दिवसांच्या आत स्पर्धात्मक सामना खेळू नये. लक्षणं टिकली तर त्याहून उशिरा, डॉक्टरांना दाखवून.

कोणाचाही धक्का न लागता खेळाडू कोसळला तर?

हृदय बंद पडलं असं समजून हालचाल करा. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन असाच कोसळला होता. रेफरी अँथनी टेलर यांनी क्षणात खेळ थांबवून डॉक्टरांना आत बोलावलं, सीपीआर आणि एईडी मिळालं, आणि एरिक्सन वाचला. पुढे तो परत खेळूही लागला.

कोसळलेल्या माणसाचे हातपाय झटके देतात, तो अधूनमधून घशातून घरघर करत श्वास ओढतो. यामुळे लोकांना वाटतं की फिट आली आहे, श्वास चालू आहे, आणि मौल्यवान वेळ जातो. हाक मारल्यावर प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं पुरे. रेफरी शिट्टी वाजवून मैदान मोकळं करतो. एक कोच छातीच्या मधोमध दाब देऊ लागतो, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर दबेल इतका. दुसरा एईडी आणायला पळतो. ठरलेली व्यक्ती फोन लावते. सीपीआर आणि विजेचा झटका दोन्ही मिळाले नाहीत तर प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून तर आधी फोन कोणी करायचा हे ठरवून ठेवायचं.

उन्हात खेळ किती वेळा थांबवता येतो?

नियम दोन प्रकारचे थांबे ओळखतात. पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंत, आणि अंग गार करण्यासाठी दीड ते तीन मिनिटं. दोन्ही स्पर्धेच्या नियमांत बसले पाहिजेत. कोचने उन्हाचा अंदाज पाहून सामन्याआधीच मागणी करावी. विसाव्या मिनिटाला ओरडून मागू नये.

एखादा खेळाडू भलतंच बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला आणि अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात आहे. आधी गार करा, मग हलवा. बर्फाचं पाणी, ओले टॉवेल, जे असेल ते, रुग्णवाहिका येईपर्यंत. आणि रेफरीकडेही लक्ष असू द्या. अनेक खेळाडूंपेक्षा तोच जास्त पळतो, बदली मिळण्याची सोय त्याला नाही. हाफटाइमला त्याला पाणी विचारा.

गडगडाट ऐकू आला, पण पाऊस नाही. खेळायचं का?

नाही. गडगडाट ऐकू येतो म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. सगळे पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या, पत्र्याच्या टपाच्या गाडीत जातील. झाडाखाली किंवा तिन्ही बाजूंनी उघड्या शेडमध्ये नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. मध्ये पुन्हा आवाज आला तर मोजणी परत शून्यापासून.

नोव्हेंबर २०२४मध्ये पेरूमधल्या एका सामन्यात रेफरीने वादळामुळे खेळ थांबवला होता आणि खेळाडू मैदान सोडत होते. तेवढ्यात वीज कोसळली आणि एक खेळाडू दगावला. थांबवण्याचा निर्णय बरोबर असूनही तो काही मिनिटं आधी हवा होता. म्हणून पहिला आवाज ज्याच्या कानावर पडेल त्याने सांगायचं. रेफरी खेळात गुंतलेला असतो. कोच टचलाइनवर उभा असतो आणि त्याला आभाळ दिसतं.

समोरचा संघ आमच्या एकाच खेळाडूला वारंवार पाडतोय. रेफरीला कसं सांगू?

आधी रेफरी कशाकडे बघतो ते समजून घ्या. नियम क्रमांक १२ मध्ये तीन पायऱ्या आहेत. निष्काळजी टॅकल, म्हणजे चेंडू हिसकावण्याचा प्रयत्न, झाली तर फक्त फाउल. प्रतिस्पर्ध्याला धोका आहे याची पर्वा न करता केलेली टॅकल असेल तर पिवळं कार्ड. अवाजवी जोर लावून प्रतिस्पर्ध्याच्या सुरक्षेला धोका निर्माण केला तर लाल कार्ड. चेंडूला पाय लागला होता की नाही हा मुद्दा इथे बचाव ठरत नाही, हे अनेक कोच विसरतात आणि "चेंडूच घेतला!" म्हणून ओरडत राहतात.

"रेफरी, डोळे उघडा!" या ओरडण्यातून रेफरीला काहीच कळत नाही. "सर, आमच्या अकरा नंबरच्या टाचेवर चेंडू गेल्यावर पाय येतोय, दोनतीनदा झालंय," हे चेंडू बाहेर असताना शांतपणे सांगितलं तर कुठे बघायचं ते त्याला कळतं. कॅप्टनमार्फत सांगितलं तर आणखी बरं. कार्ड मागू नका; कार्ड मागितलं की माहितीचं रूपांतर दबावात होतं.

रेफरीनेही "बघतो" एवढं तरी म्हणावं. आणि तापलेल्या सामन्यात कार्डाच्या आधी दोन्ही कोचना एकदा जवळ बोलावून "टॅकल उशिरा येताहेत, तुमच्या मुलांना आवरा" सांगण्याने खूप फरक पडतो. धोकादायक, लाल कार्डाच्या लायकीच्या टॅकलवर अॅडव्हांटेज देऊ नये, म्हणजे फाउल होऊनही खेळ चालू ठेवू नये. समोर गोलची उघड संधी असेल तरच अपवाद. खेळ चालू राहिला तर मुलं पुढच्या पंधरा सेकंदांत हिशोब चुकता करतात.

आणि कोच हो, आपल्याच खेळाडूचा पाय उशिरा पडत असेल तर त्याला बाहेर घ्या. शिट्टीची वाट बघू नका.

बेंचवरून आणि पालकांकडून होणाऱ्या आरडाओरड्याचा सुरक्षेशी काय संबंध?

थेट संबंध आहे. शिव्या खाणारा रेफरी, विशेषतः सोळा-सतरा वर्षांचा नवा रेफरी, खेळ थांबवायला कचरतो. ज्या क्षणी मूल खाली पडलेलं असतं, त्याच क्षणी तो टचलाइनकडे बघत असतो.

टोकाची उदाहरणं डोळ्यांआड करता येत नाहीत. डिसेंबर २०१२मध्ये नेदरलँड्समधल्या अल्मेरे इथे मुलांच्या सामन्यानंतर झालेल्या मारहाणीत स्वयंसेवक लाइनमनचा मृत्यू झाला. तो एका खेळाडूचा वडील होता. पुढच्या शनिवार-रविवारी देशभरातले सगळे हौशी सामने रद्द करण्यात आले. डिसेंबर २०२३मध्ये तुर्कस्तानात सर्वोच्च लीगच्या सामन्यानंतर रेफरी हलील उमुत मेलेर यांना एका क्लबच्या अध्यक्षाने मैदानावरच ठोसा मारला आणि लीग थांबवावी लागली.

२०१९पासून कोचलाही पिवळं आणि लाल कार्ड दाखवता येतं. बेंचवरून कोण बोललं ते ओळखता आलं नाही तर कार्ड मुख्य कोचला मिळतं, म्हणजे बेंच सांभाळणं त्याचंच काम. तुमच्या बाजूचे पालक ओरडत असतील तर रेफरी सांगेपर्यंत थांबू नका. चेंडू बाहेर गेला की स्वतः जाऊन सांगा. त्या रेफरीने कोचला आपली बाजू घेताना एकदा पाहिलं, की तोही तुमचं म्हणणं ऐकायला तयार असतो.

लहान मुलांना हेडर मारू द्यावा का?

अमेरिकेत २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हेडरवर, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्यावर, बंदी जाहीर झाली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडने २०२०मध्ये प्राथमिक वयोगटाच्या सरावातून हेडर काढला. तुमच्या स्पर्धेत बंदी असेल तर कोचने ती सरावातही पाळावी, नाहीतर सामन्यात मूल सवयीने डोकं घालतं आणि शिक्षा करायची वेळ रेफरीवर येते.

सामना संपल्यावर काय कळवायचं?

निकालावरचा राग तेव्हाच काढायचा नाही. तक्रार असेल तर दुसऱ्या दिवशी, लेखी, स्पर्धा समितीकडे. पार्किंगमध्ये रेफरीला गाठू नका.

दुखापतीची नोंद मात्र त्याच दिवशी. मिनिट, मैदानावरची जागा, कसं घडलं, काय उपचार केले, कोणी नेलं. रेफरी आपल्या अहवालात लिहील, कोच आपल्या वहीत लिहील, आणि निघण्याआधी दोघांनी ते एकमेकांना वाचून दाखवावं. तपशील बरेचदा जुळत नाहीत आणि तेव्हाच दुरुस्त होतात. गोल हलत होता, गेट बंद होतं, असं काही आढळलं असेल तर आयोजकांना दोघांच्या सहीने कळवा. एकाच्या तक्रारीकडे दुर्लक्ष होतं, दोघांच्या सहीच्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. डोक्याला मार लागलेल्या मुलाच्या पालकांना लक्षणांची यादी लिहून द्या, त्या रात्री मुलाला एकटं झोपवू नका असं सांगा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून विचारा.